विंडो का गोठते, आणि आजीच्या गोळ्यांचा प्रोग्रॅम लिहायचा कसा

तुझा प्रश्न थोडक्यात असा: आजीला सकाळी ९ ची आणि रात्री साडेआठची गोळी लक्षात राहत नाही म्हणून तू पायथनमध्ये टीकेइंटर (पायथनची विंडो बनवायची लायब्ररी) वापरून एक छोटी विंडो करायला घेतलीस, त्यात एक लेबल आणि 'घेतली' लिहिलेलं एक बटण. वेळ तपासायला वाइल ट्रू, म्हणजे कधीच न संपणारा लूप लावलंस, आत ३० सेकंद थांबवणारं टाइम डॉट स्लीप. विंडो उघडलीच नाही. मग कुणीतरी सांगितलं लूपमध्ये रूट डॉट अपडेट टाक (रूट म्हणजे तुझी मुख्य विंडो), ते टाकल्यावर विंडो दिसली पण बटण दाबलं की अर्ध्या मिनिटाने जागं होतं, मधेच सगळं पांढरं पडतं आणि वर नॉट रिस्पॉन्डिंग येतं. आणि विचारतोयस की ताई, माझं लॉजिक तर बरोबर आहे, मग चुकतंय कुठे?

लॉजिक बरोबरच आहे. क्रम कुणाच्या हातात आहे, तेवढंच चुकतंय. मी बडोद्यात २२ वर्षं हेच काम करतेय, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या युनिट्ससाठी वजनकाट्याचे, स्टोअरचे, गेटपासचे प्रोग्रॅम, आणि संध्याकाळी दांडिया बाजारात घरी मुलांना शिकवते. शिकायला येणारं जवळजवळ प्रत्येक जण याच उंबरठ्यावर अडखळतं. फॉर लूप येतो, लिस्ट येते, फंक्शन येतं, मार्कशीटचा प्रोग्रॅम पाठ असतो, आणि पहिली विंडो उघडायची वेळ आली की हाताशी असलेलं सगळं उलटं वाटायला लागतं. ते खरंच उलटं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तू आजवर लिहिलेले प्रोग्रॅम म्हणजे पोथी. पहिला अध्याय, दुसरा, तिसरा, शेवटी आरती. मधे कुणी आलं तर येऊन बसेल, वाचणारा थांबत नाही. इनपुट घेतोस तेव्हासुद्धा कधी थांबायचं आणि काय विचारायचं हे वाचणाराच ठरवतो.

विंडोचा प्रोग्रॅम म्हणजे संक्रांतीचं हळदीकुंकू. आपल्याकडे उत्तरायणात गच्चीवर पतंग चालू असतात आणि खाली घरोघर रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, आईला नाहीतर काकूला बघितलंच असशील. दुपारपर्यंत तिची तयारी चालते, सतरंजी घालायची, करंडा पुसून ठेवायचा, तिळगूळ, वाण, सगळं मांडायचं. आणि चार वाजल्यापासून ती काय करते? बसते. कोण आधी येईल, किती जणी एकदम येतील, काहीच तिच्या हातात नसतं, आणि ती ते ठरवायला जातही नाही. तिचं ठरलेलं असतं ते एवढंच की सवाष्ण आली की हळदकुंकू आणि वाण, बरोबर लहान मुलगी असेल तर तिच्या हातावर तिळगूळ, मधेच कुरियरवाला आला तर सही करून पाकीट आत. आलेलीचं झालं की परत जागेवर.

तयारी म्हणजे तुझं लेबल, बटण, विंडो बनवणं. 'कोण आलं तर काय' ही तुझी छोटी छोटी फंक्शनं. आणि बसून राहणं म्हणजे मेनलूप. तू काय केलंस, तर तयारी केलीस आणि बसायच्या ऐवजी स्वयंपाकघरात घड्याळासमोर जाऊन उभा राहिलास. दारात बायका आल्यायत, चपलांचा ढीग झालाय, आणि यजमानीण आत ३०-३० सेकंद डोळे मिटून उभी. रूट डॉट अपडेट म्हणजे दर अर्ध्या मिनिटाने बाहेर डोकावून जी कुणी दारात असेल तिला घाईघाईने कुंकू लावून परत आत पळणं. होतं, पण ते हळदीकुंकू नव्हे.

आता हेच मशीनमध्ये कसं चालतं ते बघ. तू बटणावर क्लिक केलंस की माउस ऑपरेटिंग सिस्टीमला कळवतो, सिस्टीम बघते की या जागेवर कुणाची विंडो आहे आणि त्या प्रोग्रॅमच्या रांगेत एक चिठ्ठी टाकते, की अमुक जागी डावं बटण दाबलं. तिचं काम तिथे संपलं. चिठ्ठी उचलायचं काम मेनलूपचं. आणि मेनलूप म्हणजे काही जादू नाही, तूही लिहू शकशील असा एक लूप आहे: रांगेत चिठ्ठी असेल तर उचल, ती कुठल्या विजेटची (विजेट म्हणजे बटण, लेबल असा विंडोतला एकेक भाग) आहे बघ, त्या विजेटवर या घटनेसाठी कुणी फंक्शन नोंदवून ठेवलंय का बघ, असेल तर चालव, ते संपून परत आलं की पुढची चिठ्ठी उचल. रांग रिकामी असेल तर झोपून राहा, प्रोसेसर जवळजवळ शून्य खर्च. म्हणजे मी वाइल ट्रू नको म्हणते तेव्हा लूप नको असं म्हणत नाहीये, लूप आहेच, तो आधीच लिहिलेला आहे, आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. तुझ्या कोडमध्ये रूट डॉट मेनलूप ही ओळ वाइल ट्रूच्या खाली होती ना, तिथपर्यंत प्रोग्रॅम कधी पोचलाच नाही.

आणि हे नीट लक्षात घे, की विंडो रंगवणं हेसुद्धा त्याच रांगेतलं काम आहे. तुझी विंडो नव्याने उघडली किंवा तिचा आकार बदलला, तर 'मला परत रंगव' अशी चिठ्ठी येते. ती कुणी उचलली नाही तर विंडो पांढरी. विंडोज तर साधारण ५ सेकंद वाट बघतं, तेवढ्या वेळात प्रोग्रॅमने रांगेकडे बघितलं नाही तर त्याला नॉट रिस्पॉन्डिंग ठरवतं. अँड्रॉइड फोनवर 'अ‍ॅप प्रतिसाद देत नाही' म्हणून जी पाटी येते तिचाही हिशोब स्पर्शाच्या बाबतीत ५ सेकंदांचाच आहे. प्रोग्रॅम मेलेला नसतो, तो आत कुठेतरी तल्लीन असतो.

याच कारणाने एक गोष्ट सगळ्यांना चक्रावते. फंक्शनच्या पहिल्या ओळीत लेबलवर 'थांबा...' लिहिलं, खाली १० सेकंदांचं काम, शेवटी लेबलवर 'झालं'. चालवून बघ, 'थांबा' दिसतच नाही, १० सेकंद काही नाही आणि एकदम 'झालं'. कारण लेबल बदलायला सांगणं म्हणजे फक्त नोंद करणं, रंगवायचं काम फंक्शन परत आल्यावर. मुलं म्हणतात ताई, ओळ चालतच नाहीये. ओळ चालते, रंगारी अजून आत आलेला नसतो.

आता तुझा प्रोग्रॅम. घड्याळासमोर उभं राहायचं नाही तर वेळ कशी कळणार? गजर लावून. टीकेइंटरमध्ये त्यासाठी रूट डॉट आफ्टर आहे, त्याला दोन गोष्टी द्यायच्या, किती मिलिसेकंदांनी आणि कुठलं फंक्शन. 'तपास' नावाचं फंक्शन कर, त्यात वेळ बघ, काय करायचं ते कर, आणि शेवटच्या ओळीत रूट डॉट आफ्टर ला ३०००० आणि तपास दे. म्हणजे मेनलूपला सांगितलंस की ३० सेकंदांनी मला हाक मार, तोवर तू बाकीच्यांचं बघ. आफ्टर एकदाच वाजतं, म्हणून प्रत्येक वेळी तपासनेच पुढचा गजर लावायचा. मेनलूपच्या आधी एकदा तपास हाताने चालव, झालं, वाइल ट्रू गेला. (फंक्शनचं नाव खरोखर देवनागरीत 'तपास' ठेवलंस तरी पायथन ३ ला चालतं बरं का, मी घरच्या प्रोग्रॅममध्ये ठेवते.)

इथे कंस जपून. आफ्टर ला 'तपास' द्यायचं, 'तपास' पुढे कंस उघडून बंद केलास तर तू फंक्शन दिलं नाहीस, ते तिथल्या तिथे चालवलंस, ते परत स्वतःला चालवणार, आणि क्षणात रिकर्शन एरर. बटणाचंही तेच. बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनचं नाव घेतली असेल, तर कमांडपुढे बरोबरचं चिन्ह आणि नुसतं ते नाव लिहायचं. कंस लावलेस तर प्रोग्रॅम सुरू होतानाच गोळी घेतल्याची नोंद होते, आणि नंतर बटण कितीही दाबा, ते मुकं, कारण त्याच्या हातात फंक्शनऐवजी फंक्शनचं उत्तर गेलं, आणि ते उत्तर नन, म्हणजे 'काही नाही'. कंसाशिवाय नाव म्हणजे पत्ता देणं, कंसासकट म्हणजे स्वतः जाऊन येणं. माझ्याकडे नवीन आलेल्या मुलांची बिघडलेली बटणं बघताना मी सगळ्यात आधी कंस बघते.

पण हे सगळं वाक्यरचनेचं झालं. जे खरं अवघड आहे ते वेगळंच, आणि त्याबद्दल पुस्तकांतून फार कमी सांगतात. पोथीत तू कुठल्या पानावर आहेस यावरूनच तुला सगळं कळत असतं, तिसऱ्या अध्यायावर आहेस म्हणजे पहिले दोन झालेत. हळदीकुंकवात पान नसतं. शेजारच्या काकूंना वाण दिलंय की नाही हे तुला आठवायला लागतं, नाहीतर एकीला दोनदा आणि एकीला एकदाही नाही. म्हणजे क्रम हातातून गेला की त्याच्या बदल्यात 'आत्ता परिस्थिती काय आहे' हे सतत लिहून ठेवायची जबाबदारी तुझ्यावर येते. इंग्रजीत स्टेट म्हणतात, आपण स्थिती म्हणू.

म्हणून मी मुलांना लॅपटॉप उघडू देत नाही, आधी कागद. उभ्या रकान्यात स्थिती, आडव्या ओळीत घटना. तुझ्या एका गोळीच्या स्थिती कुठल्या? 'बाकी', 'वेळ झाली', 'घेतली'. घटना कुठल्या? गजर वाजला, बटण दाबलं, तारीख बदलली, विंडोची फुली दाबली. तीन गुणिले चार, १२ चौकटी. आता प्रत्येक चौकट भर. 'वेळ झाली' असताना बटण दाबलं तर 'घेतली', सोपं. 'घेतली' असताना परत दाबलं तर? काहीच नाही झालं पाहिजे. 'बाकी' असताना, म्हणजे ९ वाजायच्या आधीच आजीने नाश्ता लवकर झाला म्हणून पावणेनऊला गोळी घेऊन बटण दाबलं तर? मानायचं का? मी मानेन, नाहीतर ९ ला घंटी वाजून ती बिचारी दुसरी गोळी घेईल. बघ, ही चौकट तुझ्या कोडमध्ये नव्हती. आणि 'वेळ झाली' असताना कुणी दाबलंच नाही आणि रात्रीचे १२ वाजले तर? ही चौकट भरताना कळतं की आपल्याला चौथी स्थिती लागतेय, 'चुकली'. मग १६ चौकटी. (चुकलेल्या गोळीचं काय करायचं हे प्रोग्रॅमने सांगायचं नाही, ते डॉक्टर सांगतील, तू फक्त दाखव.)

हा कागद पुरा झाला ना की कोड म्हणजे नुसतं उतरवून काढणं राहतं.

तपास फंक्शनबद्दल अजून एक. तू लिहिलं होतंस की तास बरोबर ९ आणि मिनिट बरोबर ० असेल तर घंटी वाजव. आजीचा लॅपटॉप पावणेनऊला झाकण लावून ठेवलेला असेल आणि सव्वानऊला उघडला, तर तो ० वा मिनिट कायमचा गेला. झोपलेल्या लॅपटॉपवर आफ्टरही झोपलेलं असतं. म्हणून क्षण पकडायला जाऊ नकोस, स्थितीला विचार: ९ वाजून गेलेत का, आणि आजची नोंद अजून 'बाकी' आहे का? दोन्ही हो असेल तर वेळ झाली. मग उघडायला उशीर झाला तरी घंटी वाजेलच. मिनिटं स्वतः मोजत बसायचंही कारण नाही, आफ्टर घड्याळासारखं काटेकोर नसतं, 'निदान एवढ्या वेळानंतर' एवढीच त्याची हमी, म्हणून प्रत्येक हाकेला सिस्टीमचं घड्याळ नव्याने वाच. आणि स्थिती तारखेसकट एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेव, लॅपटॉप रिस्टार्ट झाला तर आठवायला. लॅपटॉप दिवसभर बंदच राहिला तर कुठलाच प्रोग्रॅम काही करू शकत नाही, तेव्हा वारांचे कप्पे असलेली गोळ्यांची डबी काढून टाकू नका.

आता माझी एक चूक सांगते, कारण तुझं रूट डॉट अपडेट वाचून मला तीच आठवली. साधारण २००६ ची गोष्ट असेल, एका युनिटला मी वजनकाट्याचा प्रोग्रॅम करून दिला होता, व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये. व्हिज्युअल बेसिक १९९१ मध्ये आलं, त्याची सहावी आवृत्ती १९९८ ची, आणि आमच्या पिढीला ईव्हेंट, म्हणजे घटना, म्हणजे काय ते त्यानेच शिकवलं, फॉर्मवर बटण ओढायचं, त्यावर डबल क्लिक करायचं, की कमांड-वन-क्लिक नावाचं रिकामं घर उघडायचं, आत काय करायचं ते तू लिही. काटा सिरियल पोर्टने जोडलेला, ट्रक काट्यावर चढला की आकडा स्क्रीनवर, ऑपरेटरने 'प्रिंट' दाबलं की नोंद आणि पावती. पावतीला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, आणि मी त्याच क्लिकच्या फंक्शनमध्ये नोंद, छपाई, प्रिंटर मोकळा होईपर्यंत थांबणं, सगळं घातलेलं. ८-१० सेकंद जायचे. ऑपरेटरला वाटायचं दाबलं गेलं नाही, तो परत दाबायचा, परत दाबायचा. ते क्लिक वाया जात नाहीत रे, ते रांगेत बसतात. पहिलं फंक्शन संपलं की दुसरी चिठ्ठी, मग तिसरी. एका ट्रकच्या तीन पावत्या आणि वहीत तीन नोंदी, आणि संध्याकाळी माल जेवढा गेला त्यापेक्षा कागदावर जास्त.

मी काय केलं, तर फंक्शनच्या सुरुवातीला बटण बंद केलं आणि शेवटी चालू केलं. फरक शून्य. विचार कर का? दुसरा क्लिक झाला तेव्हा बटण बंद होतं हे खरं, पण ती चिठ्ठी उचलली कधी जाते, तर फंक्शन संपल्यावर, आणि तोवर बटण मीच परत चालू करून ठेवलेलं. मग मी डू-ईव्हेंट्स टाकलं, तुझ्या अपडेटचं हे मोठं भावंड, कामाच्या मधेच रांग उपसायची. स्क्रीन छान हलायला लागली आणि खरा घोटाळा सुरू झाला, कारण आता मधल्या काळात वेगळी घटना पहिल्याच्या पोटात शिरून चालायला लागली. एक पावती छापता छापता पुढचा ट्रक काट्यावर चढला, काट्याची घटना आली, वजनाचं व्हेरिएबल बदललं, आणि पावतीवर नंबर एका ट्रकचा, वजन दुसऱ्याचं. ही चूक रोज होत नव्हती, आठवड्यातून एखादी, म्हणून शोधायला मला तीन आठवडे लागले. आजही कुणी लूपमध्ये अपडेट टाकलेलं दिसलं की मी आधी ते काढायला लावते.

शेवटी जे केलं ते कागदावरूनच निघालं. स्थिती 'मोकळा' आणि 'छपाई चालू'. प्रिंट दाबलं की ट्रक नंबर आणि वजन यांची प्रत बाजूला काढायची, स्थिती बदलायची, बटण बंद करायचं, छपाई सुरू करून द्यायची आणि फंक्शनमधून ताबडतोब बाहेर. टायमर दर अर्ध्या सेकंदाला प्रिंटर झाला का ते बघणार, झाला की स्थिती 'मोकळा', बटण चालू. आता मधे दाबलेले क्लिक बंद बटणावरच आपटतात, कारण रांग वाहती आहे. त्यातून जो नियम मी घेतला तो असा की आलेल्या घटनेचं काम चटकन आटपायचं आणि परत जागेवर, एक दशांश सेकंदाच्या आत असेल तर माणसाला ते लगेच झाल्यासारखंच वाटतं. त्याहून मोठं काम असेल तर ते तुकड्यांनी करायचं किंवा दुसऱ्या थ्रेडवर, म्हणजे त्याच प्रोग्रॅममध्ये बाजूला चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यावर, सोपवायचं.

थ्रेडचं तुला आत्ता काम नाही, पण पुढे आजीने गोळी घेतली नाही तर तुला मेसेज जावा असं करशील, तेव्हा नेटवरून मेसेज पाठवणं म्हणजे किती वेळ लागेल सांगता येत नाही असं काम, ते थ्रेडमध्ये टाक. फक्त थ्रेडमधून लेबल, बटण कशालाही हात लावायचा नाही, निरोप क्यू नावाच्या रांगेत ठेवायचा आणि मुख्य बाजूने आफ्टरने तो उचलायचा. पाहुण्यांना कुंकू एकानेच लावायचं, आतल्याने फक्त ताट आणून ठेवायचं.

घंटीसाठीही हेच बघ. विंडोजवर विनसाउंड डॉट बीप ला १० सेकंद दिलेस तर तो १० सेकंद तिथेच अडून बसतो, आणि आजी बटण दाबत राहते. रूट डॉट बेल वापर, किंवा प्लेसाउंड असिंक फ्लॅग लावून, म्हणजे आवाज सुरू करून तो लगेच परत येतो.

आता जिथे तू पुढच्या आठवड्यात अडकशील अशा काही जागा भराभर सांगून ठेवते. स्थिती साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवून फंक्शनच्या आत बदललीस तर ग्लोबल लिहिल्याशिवाय बाहेरची बदलत नाही, आतल्या आत नवीन तयार होते. त्यापेक्षा डिक्शनरी ठेव किंवा क्लास कर. दोन गोळ्यांची दोन बटणं फॉर लूपमध्ये लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) लावून केलीस तर दोन्ही बटणं रात्रीचीच गोळी नोंदवतील, कारण लॅम्डा दाबायच्या वेळी व्हेरिएबल बघतो आणि तोवर लूप शेवटच्या गोळीवर पोचलेला असतो. लॅम्डा शब्दानंतर, कोलनच्या आधी, गोळी, बरोबरचं चिन्ह, गोळी असं लिहून त्या क्षणाची किंमत बांधून टाक. गोळीच्या पाकिटाचा फोटो विंडोत दाखवायची तुझी कल्पना फार छान आहे, पण फोनचे फोटो बहुतेक जेपीजी असतात आणि टीकेइंटरचं स्वतःचं फोटोइमेज ते उघडत नाही, पीएनजी करून घे, आणि फंक्शनच्या आत तयार केलेला फोटो कुठेतरी जपून धरून ठेव, नाहीतर फंक्शन संपताच पायथन तो झाडून टाकतं आणि जागा रिकामी दिसते. बटणं-लेबलं मांडायच्या पॅक आणि ग्रिड या दोन पद्धती एकाच फ्रेममध्ये मिसळू नको. फाइलचं नाव टीकेइंटर डॉट पीवाय ठेवू नको, इंपोर्ट करताना पायथन तुझीच फाइल उचलेल. आणि मराठी अक्षरं: विंडोजवर निर्मला यूआय फॉन्ट मोठ्या साइझला नीट दिसतो, लिनक्सवर मात्र टी-के ८.६ मध्ये (टीकेइंटर ज्यावर चालतं ती मूळ लायब्ररी) वेलांटी आणि जोडाक्षरं बिघडतात, तो दोष तुझा नसतो, आजीचा लॅपटॉप विंडोजचा आहे तर काळजी नाही.

टीकेइंटरच का, बाकीचं चांगलं नाही का, असंही तू विचारलंयस. पायथनबरोबर ते सहसा आपोआप येतं, पायथनबरोबर येणारं कोड लिहायचं आयडल स्वतः त्यातच लिहिलंय, आणि चुकलं तर कारण दोन मिनिटांत सापडतं, सुरुवातीला एवढं पुरे. दिसायला जुनाट आहे हे खरं. पण जे तू इथे शिकशील ते पुढे क्यूटी या दुसऱ्या लायब्ररीत सिग्नल-स्लॉट म्हणून भेटेल, ब्राउझरमध्ये अ‍ॅड-ईव्हेंट-लिसनर म्हणून, अँड्रॉइडवर ऑन-क्लिक-लिसनर म्हणून. माझ्याकडे सातवी-आठवीची मुलं येतात त्यांना मी स्क्रॅचवर, म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायच्या भाषेवर बसवते, तिथे 'हिरवा झेंडा दाबल्यावर', 'या चित्रावर क्लिक केल्यावर' अशा टोपी घातलेल्या ब्लॉकपासूनच सुरुवात होते, आणि गंमत म्हणजे त्यांना क्रम हातात नसण्याचा अजिबात त्रास होत नाही, कारण त्यांनी पोथी वाचलेलीच नसते.

फुलीचं विसरू नकोस. आजी फुली दाबणारच, आणि तिथे प्रोग्रॅम संपला की उद्याची घंटी गेली. रूट डॉट प्रोटोकॉलमध्ये डब्ल्यूएम डिलीट विंडो या घटनेला आपलं फंक्शन लाव आणि त्यात रूट डॉट विथड्रॉ कर, विंडो दडते पण मेनलूप आणि आफ्टर चालू राहतात, वेळ झाली की डीआयकॉनिफाय करून समोर आण. खरंच बंद करायला तुझ्यासाठी एखादी वेगळी की ठेव.

आणि सगळं झालं की एक प्रयोग कर. कुठल्याही बटणावर माउस दाब, सोडू नको, तसाच बटणाच्या बाहेर सरकव आणि मग सोड. काही होत नाही. कारण बटणाचं काम दाबण्यावर होत नाही, त्याच बटणावर सोडण्यावर होतं, म्हणजे मन बदललं तर बाहेर सरकता यावं. आपल्याला ही सोय, पण माझ्या सासूबाईंसाठी मी असाच गोळ्यांचा प्रोग्रॅम केला तेव्हा त्यांचा हात थरथरायचा, दाबून ठेवता ठेवता बाण बटणावरून घसरायचा आणि बाहेर सुटायचा. त्या तीन-तीनदा दाबून माझ्याकडे बघायच्या, त्यांना वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय. दोन दिवस मी शेजारी बसून नुसतं बघितलं तेव्हा कळलं. मग मी पूर्ण विंडोलाच बाइंड लावलं, म्हणजे विंडोवरच्या घटनेला फंक्शन जोडलं, दाबल्याच्या घटनेला, आणि स्पेसबारलाही, पण फक्त स्थिती 'वेळ झाली' असेल तरच मानायचं. बटणावर नीट दाबलं तर दोन्ही घटना येतात, विंडोची आधी आणि बटणाची नंतर, तरी काही बिघडत नाही, 'घेतली' असताना परत दाबलं तर काहीच करायचं नाही ही चौकट आपण भरलेलीच आहे. खाली कोपऱ्यात 'चुकून दाबलं' असं एक लहान बटण ठेवलं, ते मात्र सोडल्यावरच चालणारं. आणि लेबलवर मोठ्या अक्षरात, 'सकाळची गोळी ९ वाजून ४ मिनिटांनी घेतली'. सासूबाई ती ओळ मोठ्याने वाचायच्या आणि मगच खुर्चीवरून उठायच्या.